एझी, इच्ची, इया: तुर्किक लोकांच्या या ‘जागेवाल्यां’ना मराठीत काय म्हणावं?

पाणवठा
नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी पंधरा दिवस अडून बसलेय, म्हणून धागा काढतेय.

आमच्या सोसायटीत दर रविवारी मुलांसाठी गोष्टींचा तास असतो. यंदा मी सैबेरिया आणि मध्य आशियातल्या तुर्किक लोकांच्या गोष्टी घेतल्या आहेत: अल्ताई, तुवा, खाकास, साखा (जुन्या पुस्तकांतले याकूत), कझाक, किरगीझ, तातार. भाषा एकमेकींच्या बहिणी, पण पसारा इस्तंबूलपासून थेट लेना नदीपर्यंत. या सगळ्यांच्या गोष्टींत एक पात्र हमखास भेटतं. डोंगराला एक ‘तो’ असतो, नदीला एक ‘ती’ असते. रानाला, खिंडीला, झऱ्याला, गोठ्याला, चुलीतल्या विस्तवालाही कुणीतरी असतंच. अल्ताई आणि तुवा लोक त्याला एझी म्हणतात, साखा इच्ची, तातार इया, आणि तुर्कस्तानात इये.

याला मराठीत काय म्हणू? पहिल्यांदा ‘देवता’ लिहिलं. पण याला देऊळ नाही, मूर्ती नाही, आणि शिकारी त्याच्याशी बोलतो ते शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग ‘आत्मा’ लिहून पाहिलं, तर लेक म्हणाली, “म्हणजे कोण मेलंय?” ‘भूत’ म्हटलं की मुलं घाबरणार, आणि ते चूकही आहे. ‘रक्षक’ म्हटलं की डोळ्यांसमोर गेटवरचे काका येतात.

सुचवा. आणि या विषयातलं कुणाला काही ठाऊक असेल तर भरभरून लिहा, मला सगळं हवंय.

तिरफळ
एवढा विचार कशाला? राखणदार!

आमच्या मालवणात प्रत्येक जागेला असतो. घर बांधायला काढलं की आधी त्याला नारळ, मग पाया. जागेवाल्याक न इचारता कुदळ घालू नये, असा आमची आजी सांगी. तुमचा एझी हाच की.

काजवा
आमच्या स्वयंपाकघराची एझी माझी आजी होती. तिला न विचारता लाडवांचा डबा उघडला की घरात कुठेही असली तरी तिला कळायचं. :)

शब्दवेडी
पाणवठा, धागा फार आवडला. ज्या शब्दापाशी अडलात त्याच्या पोटात शिरून बघा, तिथेच उत्तर आहे असं मला वाटतं.

अल्ताई-तुवा भाषांत ‘ए’ (उच्चार लांबवून) म्हणजे मालक, धनी. आणि ‘-झी’ हा ‘त्याचा’ सांगणारा प्रत्यय. म्हणजे ‘एझी’ हे कुणाचं नाव नव्हेच. ‘त्याचा धनी’ एवढाच त्याचा अर्थ. ताग एझी म्हणजे डोंगर, त्याचा धनी. सुग एझी म्हणजे पाणी, त्याचा धनी. साखा भाषेतही तसंच: उओत इच्चिते, विस्तव, त्याचा धनी. नुसता, सुटा, कशाचाच नसलेला एझी या भाषांत बोलताच येत नाही. तो कायम कशाचा तरी असतो.

तुर्कस्तानातल्या शाळेत मुलं ‘माझा, तुझा, त्याचा’ दाखवणारे प्रत्यय शिकतात त्यांना ‘इयेलिक’ प्रत्यय म्हणतात. तोच इये! गोष्टीतला पाण्याचा धनी आणि व्याकरणाच्या तासाचा स्वामित्वदर्शक प्रत्यय एकाच शब्दातून आलेत. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप आली नव्हती.

मागे गेलात तर जुन्या तुर्कीत हा शब्द ‘इदी’ असा सापडतो. इस्लाम स्वीकारल्यावरच्या ग्रंथांत परमेश्वरालाही ‘इदी’ म्हटलंय, आपण ‘स्वामी’ म्हणतो तसं. म्हणजे एकच शब्द वर ईश्वरापर्यंत गेला आणि खाली झऱ्याकाठीही राहिला.

पाणवठा
शब्दवेडी, हे वाचून अंगावर काटा आला. ‘त्याचा’ हा भाग मी पार गाळून बसले होते.

घाटमाथा
तिरफळ, राखणदार गोड शब्द आहे, पण मी असहमत. राखणदार राखतो. यांच्यातले बरेच एझी राखण्यापेक्षा देण्याचं काम करतात.

साखा लोकांचा बाय बायानाय घ्या. रानाचा आणि शिकारीचा धनी. ‘बाय’ म्हणजे श्रीमंत. रानातली जनावरं त्याची गुरं. शिकाऱ्याला हरीण मिळालं ते त्याच्या नेमामुळे नव्हे, बायानायने दिलं म्हणून. त्यामुळे रानात मुक्काम टाकला की पहिला घास विस्तवाला जातो: लोणी, जाडसर धिरडं, जे शिदोरीत असेल ते. विस्तवाचा इच्ची तो पोचवतो. मिळालेल्या शिकारीबद्दल फुशारकी मारायची नाही, जनावराचे हाल करायचे नाहीत, हावरटासारखं जास्त घ्यायचं नाही. नाहीतर पुढच्या खेपेला रान रिकामं.

बोलतानाही जपायचं. साखा भाषेत अस्वलाला म्हणतात ‘एहे’, म्हणजेच आजोबा. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, त्याच जातीचं हे.

आणि माझी सर्वात आवडती गोष्ट: अल्ताई, शोर, खाकास, तुवा या सगळ्यांकडे शिकारीच्या टोळीत एक कथेकरी सोबत नेत. तो संध्याकाळी विस्तवापाशी बसून वीरगाथा गायचा किंवा वाद्य वाजवायचा. माणसांची करमणूक व्हायचीच, पण खरा श्रोता रानाचा धनी. त्याला गोष्टी अतोनात आवडतात. खूश झाला की आपली जनावरं सोडतो. कथेकऱ्याला शिकारीतला वाटा मिळे, बंदुकीला हात न लावता.

याच्यावर एक लोककथा आहे. एका रात्री कथेकरी गात असतो. डोंगर-रानाचे सगळे एझी ऐकायला गोळा होतात. जागा पुरेना म्हणून कुणी त्याच्या खांद्यावर बसतं, कुणी गुडघ्यावर, आणि एक तर चक्क नाकाच्या शेंड्यावर. टोळीतल्या एका शिकाऱ्याला हे दिसायची दृष्टी असते. नाकावरची ती बया घसरायला लागते आणि हा फस्सकन हसतो. कथेकऱ्याला वाटतं, आपल्या गाण्याला हसला. तो रागावून गाणं थांबवतो.

कुतूहल
छान चाललंय. माझा बाळबोध प्रश्न: तुर्कांचा मुख्य देव तेंग्री ना, आकाश? मग हे त्याच्या हाताखालचे का?

शब्दवेडी
हाताखालचे म्हणण्यापेक्षा सोबतचे म्हणेन.

मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातले तुर्की शिलालेख आहेत. राजपुत्र कुल तिगीनचा ७३२ सालचा, त्याचा भाऊ राजा बिल्गे कागानचा ७३५ चा. विल्हेल्म थॉमसन या डॅनिश पंडिताने १८९३ मध्ये ही लिपी उलगडली. त्यांत वर तुर्कांचा तेंग्री येतो आणि लगेच बरोबरीने तुर्कांचं ‘इदुक येर-सुब’ येतं. येर म्हणजे भूमी, सुब म्हणजे पाणी, इदुक म्हणजे पवित्र. भूमी-पाणी असा जोडशब्द, आपल्या ‘शेतीवाडी’सारखा. त्यांचा मंत्री तोन्युकुक याच्या लेखात विजय कुणी दिला तर तेंग्री, उमाय आणि पवित्र येर-सुब या तिघांनी. उमाय म्हणजे लेकराबाळांची राखण करणारी.

अकराव्या शतकात महमूद काशगरीने तुर्की बोलींचा मोठा शब्दकोश केला. तो कट्टर मुसलमान. चिडून लिहितो की हे काफर आकाशाला तेंग्री म्हणतात आणि डोळ्यात भरणाऱ्या कशालाही, मोठ्या डोंगराला, मोठ्या झाडालाही, तेंग्रीच म्हणून वाकतात. त्याच्या रागामुळे आपल्याला हे कळलं, म्हणून मी त्याची ऋणी आहे.

बिश्केकवासी
मी किरगीझस्तानात डॉक्टरकी शिकतोय, पाचवं वर्ष. इथे महाराष्ट्रातली पोरं भरपूर आहेत, पण या विषयावर मराठीत पहिल्यांदाच वाचतोय.

वर्गमित्राच्या गावी इसिक कुल सरोवराकडे गेलो होतो. वाटेत एका झऱ्यापाशी गाडी थांबवली. झऱ्याकाठचं झुडूप चिंध्यांनी भरलेलं. त्याच्या आजीने पाण्यापाशी बसून हात चेहऱ्यावरून फिरवले, काही पुटपुटली, मग आम्हाला पाणी प्यायला दिलं. आजी पाच वेळची नमाजी. तिला यात काहीही विसंगत वाटत नव्हतं.

तिनेच सांगितलं की घरात साप आला तर मारायचा नाही. त्याच्या डोक्यावर ‘अक’ शिंपडायचं आणि वाट मोकळी करून द्यायची. अक म्हणजे पांढरं. दूध, ताक, दही सगळं त्यात आलं. मला नागपंचमी आठवली आणि घरची आठवण येऊन गळा दाटला.

इथे गुराढोरांचे धनी मात्र ‘बाबा’ आणि ‘आता’ (किरगीझमध्ये पिता) झालेत. घोड्यांचा कांबर आता, उंटांचा ओइसुल आता, गायींचा झेंगी बाबा, मेंढ्यांचा चोपान किंवा चोल्पोन आता. इसिक कुलच्या काठी चोल्पोन-आता नावाचं गावच आहे. मित्र म्हणतो, इस्लाम आला तेव्हा जुन्या धन्यांनी पागोटी बांधली आणि इथेच राहिले.

काजवा
“जुन्या धन्यांनी पागोटी बांधली” हे वाक्य मला फार म्हणजे फार आवडलं. मित्राला आमचा नमस्कार सांग.

पाटीपेन्सिल
एक सावधगिरीची सूचना, पाणवठा. इंटरनेटवर या इयेंच्या लांबलचक याद्या फिरतात. प्रत्येक गोष्टीचा एक इये, प्रत्येकाचं नाव, कुणाचा कोण मुलगा, सगळं कोष्टकात बसवलेलं. ते बघून सरकारी खात्यांचा तक्ता आठवतो. त्यातलं बरंच अलीकडे जुळवलेलं आहे. साखांचं तुर्कस्तानाला लावायचं, तातारांचं अल्ताईला, आणि सगळ्याला ‘प्राचीन तुर्क धर्म’ म्हणायचं.

प्रत्यक्षात हे फार स्थानिक असतं. या खिंडीचा धनी वेगळा, पलीकडच्या खिंडीचा वेगळा. एक म्हातारा, दुसरी तरुण मुलगी. काही कुळांचा स्वतःचा डोंगर असतो. त्यामुळे गोष्ट घेताना ‘तुर्किक’ एवढंच न सांगता ती कोणत्या लोकांची ते मुलांना जरूर सांगा. नकाशा लावा भिंतीवर.

पाणवठा
नकाशा लावतेच. आणि खरंय, मीही एका यादीतून तीन नावं उचलली होती. ती काढून टाकते.

सह्यकडा
मी अल्ताईला जाऊन आलोय, तेव्हाचं सांगतो.

चुया महामार्गावर प्रत्येक मोठ्या खिंडीच्या माथ्यावर झाडांना कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या दिसतात. आमच्या वाटाड्याने गाडी थांबवली, खाली उतरला, टोपी नीट केली, एक पांढरी पट्टी बांधली. मीही खिशातला रुमाल काढला तर त्याने हात धरला. वापरलेलं कापड चालत नाही. नवं हवं, सुती हवं, आणि फांदी आवळली जाईल अशी गाठ मारायची नाही. पर्यटक मोजे, प्लास्टिकच्या पिशव्या, काय वाटेल ते बांधतात आणि झाडं गुदमरून मरतात, हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, “धन्याला भेट द्यायची की त्याचा गळा आवळायचा?”

औषधी झऱ्याला तिथे ‘अरझान’ म्हणतात. तिथे मोठ्याने बोलत नाहीत, नव्या चंद्राच्या दिवसांत जातात, घरात कुणी गेलं असेल तर त्या काळात जात नाहीत. आता गंमत ऐका. हा अरझान शब्द मंगोल आणि उइगुर भाषांतून मागे मागे गेलं की पोचतो आपल्या ‘रसायना’ला! बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत शब्द वाळवंट ओलांडून गेला आणि सैबेरियातल्या झऱ्यात उतरला. अल्ताईचा सर्वोच्च डोंगर बेलुखा, साडेचार हजार मीटरहून उंच. त्याचं स्थानिक नाव उच-सुमेर, तीन सुमेर. तो सुमेर म्हणजे आपला सुमेरू. कित्येक अल्ताई माणसं आजही त्याच्यावर चढत नाहीत, बोटही दाखवत नाहीत. मी ट्रेकर माणूस, पण मी पायथ्यापासूनच परतलो आणि त्याचं मला समाधान आहे.

तिरफळ
रसायन!! आज दिवसभर हाच शब्द डोक्यात राहणार.

सह्यकडा
आणखी एक राहिलं. १९९३ मध्ये अल्ताईतल्या उकोक पठारावर नतालिया पोलोस्माक या रशियन पुरातत्त्वज्ञ बाईंना बर्फात गोठलेली एक तरुणी सापडली, अडीच हजार वर्षांपूर्वीची, दंडावर गोंदण शाबूत. तिला नोवोसिबिर्स्कला नेलं. पठाराची शांती मोडली म्हणून अल्ताई लोक अस्वस्थ होते. २००३ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला, बेल्तीर गाव उद्ध्वस्त झालं, आणि तिला परत आणा ही मागणी जोरात उठली. २०१२ मध्ये तिला गोर्नो-अल्ताइस्कच्या संग्रहालयात आणलं. पुष्कळांना तेही पुरेसं वाटत नाही, तिला परत जमिनीत ठेवा म्हणतात.

पाटीपेन्सिल
इथे मी थांबवेन. ती पाझिरिक संस्कृतीची आहे, तुर्किक लोक तिथे येण्याच्या कित्येक शतकं आधीची. आणि भूकंप भूगर्भातल्या हालचालींमुळे होतो. तिचा आणि एझीचा संबंध लावणं इतिहास म्हणून टिकत नाही.

सह्यकडा
भूकंपाच्या कारणाबद्दल तुमचं बरोबर. पण त्यांचं म्हणणं ‘ती आमची पणजी’ एवढंच नाहीये. त्या जागेला धनी आहे आणि धन्याला न विचारता तुम्ही खणलंत, हे आहे. मग आत कोण निजलं होतं, कुठल्या वंशाचं, याने काय फरक पडतो?

घाटमाथा
सह्यकडाशी सहमत. शब्दवेडींनी सांगितलेलं व्याकरणच आहे ना हे. एझी जागेचा, माणसांच्या वंशाचा नव्हे. नवे लोक आले की त्यांनीही त्यालाच विचारायचं.

पाटीपेन्सिल
असं मांडलं तर पटतं. मी संग्रहालयाच्या बाजूने विचार करत होतो, जागेच्या नाही.

रानफूल
कझानमध्ये, म्हणजे रशियातल्या तातारस्तानच्या राजधानीत, तीन वर्षं काढली, म्हणून तातारांचं मी लिहिते. तिथल्या लेकराला दोन गोष्टी पाठ असतातच, दोन्ही कवी गाब्दुल्ला तुकाय यांच्या. ते १८८६ साली जन्मले आणि अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी १९१३ मध्ये गेले.

पहिली ‘शुराले’. रानातला प्राणी, कपाळावर शिंग, हाताची बोटं लांबलचक, माणसाला गुदगुल्या करून करून मारतो. एक लाकूडतोड्या त्याला म्हणतो, आधी हा ओंडका उचलायला मदत कर, त्या फटीत बोटं घाल. बोटं घातली की हा पाचर काढून घेतो. नाव विचारलं तर सांगतो ‘बिल्तीर’, म्हणजे गेल्या वर्षी. शुराले बोंब मारतो, “गेल्या वर्षीने माझी बोटं चिमटली!” बाकीचे म्हणतात, “मग वेड्या, आत्ता का रडतोस?” मुलं हसून लोळतील. यावर फरीद यारुल्लिन यांनी बॅले रचला. ते युद्धात मारले गेले, आणि १९४५ मध्ये कझानला तो पहिल्यांदा रंगमंचावर आला.

दुसरी ‘सू अनासी’, पाण्याची आई. उन्हाळ्याच्या दुपारी एक मुलगा नदीवर जातो. फळ्यांच्या धक्क्यावर ती केस विंचरत बसलेली. ती पाण्यात उतरते, सोन्याचा कंगवा तिथेच राहतो. हा उचलतो आणि पळतो. ती मागे धावते, गावातली कुत्री भुंकतात म्हणून परतते. रात्री खिडकीवर टकटक. “माझा कंगवा दे.” आई तो बाहेर फेकते, खिडकी लावते आणि पोराला चांगली झापते. तेव्हापासून, मुलगा म्हणतो, ‘याला धनी नाही’ असं समजून मी कुठल्याच वस्तूला हात लावत नाही.

शब्दवेडी, तिथला ‘धनी’ म्हणजे तातारीत कुठला शब्द, ओळखा.

शब्दवेडी
इया!!

रानफूल
हो. इयाच. घरचा तो ओय इयासी, गोठ्यातला अब्झार इयासी, आणि कंगव्याचाही इया.

बिश्केकवासी
हॉस्टेलवर मोठ्याने वाचून दाखवलं. किरगीझ मित्र म्हणाला, “आमच्याकडेही ‘ए’, तोच शब्द.”

तिरफळ
बरं मंडळी, राखणदार मी मागे घेतो. म्हणजे आमच्या मालवणात तो आहेच, पण इथे ‘धनी’ बसतो. आणि मराठीत ‘मालक’ आणि ‘धनी’ यांत फरक आहे. मालकाचं नाव सातबाऱ्यावर असतं. धनी म्हटलं की त्यात माया येते, धाक येतो, जबाबदारीही येते. शेताचा धनी म्हणजे बांधावर उभा राहणारा.

काजवा
आणि बाई असली तर धनीण! डोंगराची धनीण, पाण्याची धनीण. आजीसुद्धा डब्यांची धनीणच होती.

पाणवठा
ठरलं. डोंगराचा धनी, झऱ्याची धनीण, रानाचा धनी. ‘चा’ आणि ‘ची’ सोडायचे नाहीत, शब्दवेडींची आठवण म्हणून. सू अनासीला मात्र ‘पाण्याची आई’च ठेवते, तिला तिच्या लोकांनीच आई म्हटलंय.

आज रविवार होता. भिंतीवर नकाशा लावला, अल्ताईपासून कझानपर्यंत बोट फिरवलं, मग घाटमाथांची कथेकऱ्याची गोष्ट सांगितली. नाकाच्या शेंड्यावरची धनीण घसरायला लागली आणि मुलं बरोबर त्याच जागी फस्सकन हसली. मी एक मिनिट रागावून गप्प बसले. अगदी मागे बसलेला एक पहिलीतला मुलगा हळूच म्हणाला, “काकू, तुम्हाला नाही, तिला हसलो. तुम्ही सांगा.”

पुढच्या रविवारी शुराले. रानफूल, ‘बिल्तीर’चा उच्चार एकदा रेकॉर्ड करून पाठवशील का?